जू उतरलं, तरी मान वाकलेलीच

आमच्याकडे आलेलं एका ताईंचं पत्र असं आहे:

"सप्रेम सलाम. मी ३६ वर्षांची आहे. माहेर अहिल्यानगर जिल्ह्यातलं, घरी शेती. पणजोबांच्या वेळेपासून आम्ही ख्रिस्ती. आता पिंपरीत राहते, एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. रविवारी आमच्या जुन्या मंडळीत उपासनेला जातो. तीन वर्षांपासून मी बुधवारी आणि शुक्रवारी एका प्रार्थना-गटातही जाते. 'ख्रिस्तात तू मोकळी आहेस' हे मला तिथेच पहिल्यांदा मनापासून पटलं. पण हळूहळू एकेक गोष्ट सुरू झाली. मंगळसूत्र काढ, ते अंधाराचं चिन्ह आहे. शेजारच्या गणपतीचा मोदक घरात आला तर शाप येतो. दशमांश पूर्ण पगारावर दे, हातात येणाऱ्या रकमेवर नाही. माझा पगार ३१,००० आहे, हातात २७,४०० येतात. त्यातले ३,१०० दशमांशाचे आणि वर १,००० 'बी पेरण्याचे'. सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यामुळे दोनदा पुढे गेलं. गोळी घेणं हा अविश्वास आहे असं सांगितलं म्हणून दोन महिन्यांपासून थायरॉईडची गोळीही बंद आहे. सारखं रडू येतं. मिस्टर म्हणतात, 'मोकळी आहेस ना, मग चर्च, उपास, प्रार्थना सगळंच सोड.' परवा रात्री माझी नऊ वर्षांची मुलगी उठून रडत होती. शाळेत मैत्रिणीच्या डब्यातला मोदक खाल्ला, आता आईला काही होईल का, असं विचारत होती. त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. मी मोकळी आहे की नाही, एवढंच सांगा."

प्रिय ताई, सलाम.

तुमच्या पत्रातल्या एका गोष्टीला थांबायला वेळ नाही, म्हणून ती आधी. उद्या-परवाच डॉक्टरांकडे जा. गोळी दोन महिने बंद आहे हे लाजू नका, स्पष्ट सांगा. टीएसएचची, म्हणजे थायरॉईडची, रक्ततपासणी करून घ्या आणि ते सांगतील तेवढ्या मात्रेने गोळी पुन्हा सुरू करा. ही गोळी सोडल्यावर पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही, कारण ती शरीरातून सावकाश उतरते; निम्मी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. नेमके हेच दिवस फसवतात. 'गोळी सोडली तरी मी ठणठणीत आहे' अशी साक्ष याच दिवसांत उभं राहून दिली जाते. थकवा, बद्धकोष्ठ, थंडी न सोसणं, पाळी बिघडणं, मन खचणं हे त्यानंतरच्या आठवड्यांत येतं. तोवर गोळीशी त्याचा संबंध कुणी लावत नाही, आणि खापर फुटतं ते तुमच्या विश्वासावर. तुमच्या रडण्यात भीती किती आणि थायरॉईड किती, हे तपासणीनंतरच कळेल. गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर, चहाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. सुरू केल्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघतात.

आणि हे विश्वासाच्या विरुद्ध नाही. बायबलमध्ये ज्याची पत्रं आहेत त्या प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता. कलस्सैकरांच्या पत्रात पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो. पौलाचा तरुण सोबती तीमथ्य याची पोटाची तक्रार वारंवार उलटत होती, तेव्हा थोडा द्राक्षारस घे, असं पौलाने त्याला लिहिलं. तुझा विश्वास कमी पडतो, असं लिहिलं नाही. गोळी तळहातावर घ्या, आभार माना आणि गिळा. तीही प्रार्थनाच आहे.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही मोकळ्या आहात. पण मोकळं होणं एका क्षणाचं असतं आणि मोकळ्या माणसासारखं वागायला शिकायला वर्षं जातात. तुमच्या माहेरी शेती आहे, म्हणजे खांदेसूज तुम्ही पाहिली असेल. जू ओबडधोबड असलं किंवा जोडीतला एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला, की मानेवर घासून घासून सूज येते. जू उतरवलं तरी सूज लगेच जात नाही. हात लावला की बैल दचकतो, चांगलं जू दाखवलं तरी मान काढून घेतो. शहाणा शेतकरी त्याला तेव्हा मारत नाही. औत थांबवतो, खांदा शेकतो, हळद-तूप चोळतो. तुमच्या मनाचं सध्या तसंच आहे. तेव्हा पुढे जे सांगतोय ते एका आठवड्यात उरकायचं नाही.

गलतीकरांस पत्र हे याच दुखण्यावर लिहिलेलं पत्र आहे. आजच्या तुर्कस्तानात गलतीया नावाचा प्रांत होता, तिथल्या मंडळ्यांना ते लिहिलं. ही माणसं मूर्तिपूजेतून ख्रिस्ताकडे आली होती. मागाहून काही शिक्षक आले. ख्रिस्तावर विश्वास ठेवलात हे चांगलंच झालं, असं ते म्हणाले, पण सुंताही करा, सण पाळा, दिवस-महिने पाळा, नाहीतर देवाची माणसं म्हणून तुम्ही अपुरे. पौल यावर जे म्हणतो ते वाचून आजही धक्का बसतो. आधीची मूर्तींची भीती आणि आताची नियमांची भीती या दोन्हींना तो एकच नाव देतो: गुलामगिरी. म्हणूनच पाचव्या अध्यायाच्या सुरुवातीला सांगतो की ख्रिस्ताने आपल्याला मोकळं केलं ते मोकळं राहण्यासाठी, पुन्हा जुवाखाली सापडू नका. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १५ व्या अध्यायात सांगितलंय तसं, इसवी सन ४९ च्या सुमाराला यरुशलेमेत याच वादावर मोठी बैठक झाली. तिथे येशूचा शिष्य पेत्रही तेच म्हणतो: जे जू आपल्याला आणि आपल्या पूर्वजांना पेललं नाही, ते यांच्या मानेवर का ठेवता?

मग कोणता नियम जू आणि कोणता नाही, हे ओळखायचं कसं? इथे पौलाच्या दोन सोबत्यांची गोष्ट फार उपयोगी आहे, आणि ती हवी तितकी सांगितली जात नाही. तीत हेल्लेणी, म्हणजे ग्रीक, होता. काही लोक आग्रह धरून बसले की याची सुंता झालीच पाहिजे. पौलाने साफ नकार दिला, क्षणभरही त्यांच्यापुढे नमला नाही. तीमथ्याची आई यहूदी, बाप हेल्लेणी. त्याला बरोबर घेऊन यहूदी वस्त्यांत जायचं होतं, तेव्हा पौलाने स्वतःच त्याची सुंता करवली. कृती एकच, निर्णय दोन. तीताच्या बाबतीत 'नाहीतर तुझं तारण अपुरं' अशी अट घातली गेली होती, म्हणून नकार. तीमथ्याच्या बाबतीत अट कुणीच घातली नव्हती. दुसऱ्यांपर्यंत पोचण्यासाठी आपण होऊन उचललेली ती अडचण होती.

म्हणून कुठल्याही नियमापुढे एकच प्रश्न ठेवा: हे केलं नाही तर काय होईल, असं मला सांगितलं गेलंय? 'देव तुला टाकेल', 'शाप लागेल', 'मुलांवर येईल', 'अपघात होईल' असं उत्तर आलं, तर ते जू आहे. मग नियम स्वतःमध्ये कितीही चांगला असो. उपास चांगला, दान चांगलं, साधा पेहराव चांगला. धमकीला बांधले की तिन्ही जू होतात.

यासाठी एक साधी वही घ्या. तुम्ही हिशेबाचं काम करता, तुम्हाला हे सहज जमेल. दोन आठवडे, रोज रात्री दहा मिनिटं. पानावर चार रकाने आखा: नियम काय, सांगितला कुणी, वचन कोणतं दाखवलं, आणि मोडला तर कशाची भीती वाटते. दिवसभरात ज्या ज्या गोष्टीला तुम्ही अडखळलात ती लिहा, अगदी 'मोबाइलवर जुनं गाणं लागलं, घाईने बंद केलं' इतकी लहानसुद्धा. तिसऱ्या रकान्यात नुसता संदर्भ लिहून भागणार नाही. वचनाच्या आधीची आणि नंतरची दहा-दहा वचनं वाचून मगच लिहा. बरेचसे नियम याच रकान्यात गळतात. त्याबरोबर गलतीकरांस पत्र एकदा एका बैठकीत मोठ्याने वाचा. सहा अध्याय, १४९ वचनं. अर्धा तास पुरतो. तुकड्यातुकड्यांत वाचलं की पौलाचा राग आणि माया दोन्ही हातातून निसटतात.

चौदा दिवसांनी वहीतल्या नोंदी तीन गटांत लावा. पहिल्या गटात स्पष्ट आज्ञा: खोटं न बोलणं, व्यभिचार न करणं, क्षमा करणं, कुणाची मजुरी न बुडवणं. मोकळीक आहे म्हणून यातलं काही सुटत नाही. दुसऱ्या गटात रोमकरांस पत्र १४ व्या अध्यायातल्यासारख्या गोष्टी, म्हणजे खाणं, न खाणं, विशिष्ट दिवस पाळणं. यात दोन प्रामाणिक विश्वासी वेगवेगळं वागू शकतात आणि दोघेही प्रभूसाठीच वागत असतात. तिसऱ्या गटात माणसाने वरून जोडलेलं.

इथे एक चूक जवळजवळ सगळे करतात. तिसरा गट डोळ्यांसमोर आला की संतापाने एका दिवसात सगळं झुगारतात. मग रात्री दोन वाजता जाग येते, छाती धडधडते, मुलाला नेमका त्याच दिवशी ताप असतो, आणि सकाळी माणूस पहिल्यापेक्षा दुप्पट नियम घेऊन परत जातो. बुद्धीला पटलेलं विवेकबुद्धीपर्यंत झिरपायला वेळ लागतो. रोमकरांस पत्र १४ व्या अध्यायाच्या शेवटी पौल सांगतो की मनात संशय धरून खाणारा दोषी ठरतो. म्हणजे मनाला न शिकवता त्याला रेटायचंही नाही. एका वेळी एकच गोष्ट घ्या. तिच्याबद्दल वाचा, प्रार्थना करा, विश्वासू माणसाशी बोला आणि मन शांत झालं की बदला. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग पुढची. गोळी तेवढी या नियमातून वगळा. ती डॉक्टर सांगतील त्याच दिवशी.

मोदकाचं सविस्तर सांगावं लागेल, कारण पौलाने यावर तीन अध्याय खर्च केलेत आणि लोक त्यातलं एखादंच वाक्य उचलतात. मूर्तीला दाखवलेला नैवेद्य हा करिंथ या ग्रीक शहरातला रोजचा प्रश्न होता, बाजारात विकायला येणारं बरंचसं मांस देवळातून येत असे. करिंथकरांस पहिल्या पत्रात, आठव्या ते दहाव्या अध्यायांत, पौल तीन वेगळ्या जागा दाखवतो. देवळातल्या पूजेत सामील होऊन त्या पंक्तीत बसणं: हे नको, प्रभूचं मेज आणि ते मेज अशी दोन्ही धरता येत नाहीत. बाजारात विकायला आलेलं: चौकशी न करता घ्या, पृथ्वी प्रभूची आहे. आणि कुणी घरी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं निमूट खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हा नैवेद्य आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका. अन्नात स्वतःची कुठली शक्ती बसलेली नाही, हे आठव्या अध्यायातच स्पष्ट आहे. शाप डब्यातून घरात येत नाही.

चाळीत, सोसायटीत याचा अर्थ असा होतो. आरतीला उभं राहून टाळ्या वाजवून हातावर प्रसाद घेणं हा पूजेचा भाग आहे, तिथे 'नको' म्हणता येतं आणि म्हणावं. दिवाळीचा फराळ, संक्रांतीची गुळपोळी, काकूंनी पाठवलेली पुरणपोळी हा शेजार आहे, तो घ्यावा. ताटलीतून मोदक आले आणि 'प्रसाद आहे हं' असं सांगितलं, तर तुमचं मन काय म्हणतं ते पाहा. मन खात असेल तर खाऊ नका, पण तोंड वाकडं करू नका. असं म्हणता येईल: "काकू, प्रसाद म्हणून आम्ही घेत नाही, पण तुमच्या हातचं जेवायला आम्ही कधीही येऊ. उद्या मोदक वळायचे असतील तर सांगा, मी येते." शेजार टिकतो, तुमचं मनही. आणि डब्यातला मोदक वाटून खाणारं चौथीतलं पोर कुठल्याही पूजेत सामील झालेलं नसतं.

तुमच्या मंडळीत काही जण कधीच खाणार नाहीत, विशेषतः जे स्वतः त्या पूजेतून नुकतेच बाहेर आले आहेत. त्यांच्यासमोर मुद्दाम खाऊन दाखवणं हे पौलाच्या दृष्टीने स्वातंत्र्य नव्हेच. तिथे हात आखडता घेणं प्रेमाचं असतं. आणि आयुष्यभर अशा कुणाच्या तरी धाकात राहायचं का, असं वाटेल. नाही. नव्या, दुखऱ्या माणसासाठी थांबायचं. दुसऱ्यांवर पाळत ठेवणाऱ्यासाठी नाही. तीतासाठी पौल ज्यांच्यापुढे नमला नाही, ते दुसऱ्या प्रकारचे होते.

मंगळसूत्राचं थोडक्यात. पेत्राच्या पहिल्या पत्रातलं तिसऱ्या अध्यायातलं वचन दाखवलं जातं. पण तिथे केस गुंफणं, सोनं घालणं आणि वस्त्रं नेसणं ही तिन्ही एकाच दमात येतात. ते बंदीचं कलम असतं तर कपड्यांवरही बंदी आली असती. मुद्दा असा की स्त्रीचं सौंदर्य अंतःकरणातून यावं. क्रूस ओवलेलं मंगळसूत्र घालणाऱ्या ख्रिस्ती बायका महाराष्ट्रात आहेत, न घालणाऱ्याही आहेत. तुम्ही आणि तुमचे मिस्टर मिळून ठरवा. तुम्ही काढलंत ते प्रेमाने की भीतीने, हे तुमची वही सांगेल.

पैशांचं मात्र थोडक्यात आटोपता येणार नाही. तुम्ही ४,१०० देता, म्हणजे हातात येणाऱ्या रकमेच्या जवळजवळ पंधरा टक्के, आणि घरात म्हाताऱ्या माणसाचा डोळा अंधुक होत चाललाय. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातलं 'देवाला लुबाडणं' तुम्हाला ऐकवलं असेल. ते वचन इस्राएलाला, नियमशास्त्राच्या चौकटीत सांगितलेलं आहे. तो दशमांश शेतातल्या पिकाचा आणि कळपाचा होता. जमिनीचा वाटा न मिळालेल्या लेव्यांच्या, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशाच्या, पोटासाठी होता. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवायचा, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी जेवून तृप्त व्हावं म्हणून. यरुशलेमेच्या त्या बैठकीतून अन्यजातीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांना जे पत्र गेलं त्यात चारच गोष्टी टाळायला सांगितल्या: मूर्तींना दाखवलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. दशमांशाचा त्यात उल्लेख नाही. पौल करिंथकरांना दुसऱ्या पत्रात सांगतो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा भाग पडतंय म्हणून देऊ नये. आणि जे आहे त्यातून द्यावं, नाही त्यातून नव्हे.

दहा टक्के आनंदाने देणारे खूप आहेत, त्याहून जास्त देणारेही आहेत, आणि आम्हाला त्यांचा आदर आहे. पण मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने कुर्बानची प्रथा कशी उघडी पाडली ते वाचा. 'हे देवाला अर्पण केलंय' असं म्हणून आईबापांची मदत बुडवायची, याला त्याने देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. सासऱ्यांचं ऑपरेशन आधी करा. त्या महिन्यात दान-पेटीत शंभर रुपये पडले तरी देव लुबाडला जात नाही. ऑपरेशन झालं की पगाराच्या दिवशी दोघांनी बसून रक्कम ठरवा. समजा १,५०० ठरली: ती पाकिटात वेगळी काढा, त्यातला काही भाग मंडळीला, काही अडलेल्या शेजाऱ्याला किंवा नातलगाला. सहा महिन्यांनी पुन्हा बघा. ज्या आकड्याला मन कुरकुरत नाही आणि घर उपाशी राहत नाही, तो तुमचा आजचा आकडा. 'बी पेरणी' मात्र बंद करा. परताव्याचं आश्वासन घेऊन दिलेला पैसा दान राहत नाही, तो व्यवहार होतो.

आणि पावती मागा. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांची १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असते, हिशेब ठेवावे आणि तपासून घ्यावे लागतात, पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. पैसे कुणाच्या खासगी यूपीआयवर जात असतील तर ते कशाचं लक्षण आहे, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. पौलाने वर्गणी न्यायला कुणा एकट्याला पाठवलं नाही, कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून सोबत भाऊ दिले. पावती मागणं हा अविश्वास असता तर पौलाने ती काळजी घेतलीच नसती.

उपास तब्येत सावरेपर्यंत अन्नाचा करू नका, हवा तर शुक्रवारी फोन बाजूला ठेवा.

तुमच्या मिस्टरांना वाईट वाटू देऊ नका. त्यांचा राग तुमच्याविषयीच्या काळजीतून आलाय. पण त्यांचं उत्तर चुकतंय. मोकळं सुटणं वेगळं आणि मोकाट सुटणं वेगळं. गलतीकरांस पत्रातच, त्याच पाचव्या अध्यायात, तेराव्या वचनात पौल बजावतो की हे स्वातंत्र्य देहवासनांना वाव म्हणून वापरू नका, प्रीतीने एकमेकांचे दास व्हा. आणि येशू माझं जू घ्या म्हणतो, ते सोयीचं आहे म्हणून. जू नकोच, असं तो म्हणत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण या ठिकाणी फार जवळचं वाटतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातल्या भगिनींनी त्यांच्यावर माया केली, पण रमाबाईंनी काय मानावं आणि कुणाचं ऐकावं हेही त्या ठरवू लागल्या. १८८५ मध्ये त्यांतल्याच सिस्टर जेराल्डिनना लिहिलेल्या पत्रात रमाबाईंनी म्हटलं की मोठ्या कष्टाने पुरोहितवर्गाच्या जुवातून मी मान सोडवली आहे, आता तसलंच दुसरं जू मानेवर घेण्याची माझी तयारी नाही. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. मांसाहार न करणं त्यांनी सोडलं नाही, कारण ते कुणी लादलेलं नव्हतं. आणि त्या मोकळ्या मानेने त्यांनी काय ओढलं ते पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जाऊन बघता येतं. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना त्यांनी तिथल्या मुक्ती मिशनमध्ये सांभाळलं, आणि आयुष्याच्या शेवटापर्यंत मराठी बायबलच्या भाषांतराला वाहून घेतलं. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, छापून आलं. आठवड्यातली एक संध्याकाळ मोकळी झाली की तुम्ही दोघं ती कुणासाठी तरी द्या. शेजारच्या मुलाचं गणित, दवाखान्यात एकट्या पडलेल्या आजीला डबा, काहीही. मिस्टरांना तेव्हा आपोआप कळेल की आपण काय सोडत नाही आहोत.

गट सोडायचा की नाही हे आम्ही इथून सांगणार नाही. तिथे तुम्हाला देव भेटला हेही खरं आहे. पण एकदा समोर बसून बोला. दिवसाउजेडी, मिस्टरांना घेऊन, वीस मिनिटं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक अक्षरही लिहू नका, तिथे शब्दाला सूर नसतो आणि पन्नास जण बघत असतात. एवढंच म्हणा: "ब्रदर, तीन वर्षं तुम्ही आमच्यासाठी प्रार्थना केली, आम्ही ते विसरणार नाही. गोळी मी डॉक्टरांच्या सांगण्यावरून सुरू केली आहे. दानाचं आम्ही घरी ठरवलं आहे. बाकीच्या गोष्टींवर वचन दाखवा, आम्ही वाचतो आणि पुढच्या आठवड्यात बोलतो." मग ऐका. चांगला पाळक अस्वस्थ होईल, कदाचित दुखावेल, पण शास्त्र उघडेल. बिरुया गावातले लोक पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात ताडून पाहत, आणि कृत्यांच्या १७ व्या अध्यायात त्यासाठी त्यांचं कौतुक आहे. उलट 'अभिषिक्ताला प्रश्न विचारू नये', 'सोडून गेलेल्या अमक्याचा अपघात झाला', 'बहिणीशी बोलणं बंद कर' असं उत्तर आलं, किंवा तुम्ही विश्वासाने सांगितलेली खासगी गोष्ट दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू आली, तर पुन्हा जाऊ नका. पुढचे दोन-तीन महिने फोन येतील, स्वप्नं सांगितली जातील. प्रत्येकाला उत्तर द्यायची गरज नाही. त्या काळात तुमच्या जुन्या मंडळीच्या पाळकांना किंवा तिथल्या एखाद्या जाणत्या बाईला सगळं माहीत असू द्या. रात्री धडधड झाली की फोन करायला एक माणूस आधीच ठरवून ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी, हे पत्र वाचाल त्याच संध्याकाळी, मुलीजवळ बसा. तिने काही चूक केलेली नाही हे आधी सांगा. मग सांगा की आईने तिला एक चुकीची गोष्ट सांगितली होती, आणि तिची माफी मागा. मुलांना हे फार क्वचित ऐकायला मिळतं. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात देव म्हणतो की बापाचं पाप मुलावर येत नाही आणि मुलाचं बापावर; तिच्या भाषेत सांगायचं तर, तू काही खाल्लंस म्हणून आईला काही होत नाही, आणि येशू लहान मुलांना घाबरवत नाही, जवळ घेतो. ती लगेच विश्वास ठेवणार नाही. तीन-चार रात्री पुन्हा विचारेल, तेवढ्याच शांतपणे पुन्हा सांगा. मग तिला विचारा की मोदक उकडीचा होता की तळणीचा, आत सारण कसलं होतं, मैत्रिणीच्या आईने तूप घातलं होतं का. तिला सगळं सांगू द्या.